थंडीत बोट नांगरावर असताना पहाटे छतातून पाणी टपकतंय, पुसलं तरी चार दिवसांनी परत येतंय : काय करायचं

थंडीत नांगरावर राहताय, हीटर चालू आहे, पाऊस नाही, तरी पहाटे हॅचच्या (छतातल्या उघडझाप खिडकीच्या) चौकटीतून टपटप पाणी पडतं, गादीची कड ओली लागते, पुसून वाळवून घेतलं की तीन-चार दिवस बरं जातं आणि मग परत तेच, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आमची एक पूर्ण थंडी आणि दुसरीची अर्धी यातच गेली. ३६ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट, राहणारे आम्ही दोघं, १२ व्होल्टवर चालणारा डिझेलचा गरम हवेचा हीटर, किनाऱ्यावरची वीज नाही. आता पहाटे छत कोरडं असतं आणि बुरशीचा तो कोंदट वास गेलाय, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

पहिल्या थंडीत आम्ही काय काय केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण हेच करतात. आधी वाटलं हॅच गळतोय, म्हणून त्याचं रबर बदललं. मग वाटलं काचेचं सीलंट गेलंय, तर एका कोरड्या दिवशी तेही खरवडून नवीन भरलं. पाणी पडतच राहिलं. मग हीटर वाढवला आणि "गरम हवा बाहेर जायला नको" म्हणून सगळ्या फटी कापडाने बुजवल्या, तर पहिल्या रात्री छान उबदार वाटलं आणि दुसऱ्या पहाटे आधीपेक्षा जास्त पाणी. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्यावर मी परत येणार आहे.

गळती का घाम, ते आधी ठरवा

हे ठरवल्याशिवाय एकही स्क्रू काढू नका. पहिली परीक्षा जिभेची. थेंब चाखून बघा, खारट असेल तर समुद्राचं पाणी आत येतंय आणि ते वेगळं प्रकरण आहे, ते लगेच शोधा. गोडं असेल तर पाऊस किंवा घाम, म्हणजे केबिनच्या हवेतली वाफ गार जागेवर जमून झालेलं पाणी. पावसाचं पाणी पावसाच्या मागोमाग येतं, बऱ्याचदा काही तास उशिराने, आणि ठराविक एक-दोन जागांमधूनच येतं. घाम मात्र निरभ्र, वारा पडलेल्या, कडक थंडीच्या रात्री सगळ्यात जास्त येतो आणि एकाच वेळी सगळ्या धातूंवर दिसतो, म्हणजे हॅचची चौकट, खिडक्यांच्या कडा, डेकवरून (बोटीच्या वरच्या सपाट भागावरून) आरपार आलेल्या बोल्टची टोकं. आमच्याकडे एका बोल्टच्या टोकाला असा थेंब लटकायचा की तो गळतोय याबद्दल आम्हा दोघांनाही जराही शंका नव्हती.

तरी शंका राहिलीच तर प्लॅस्टिकचा एक तळहाताएवढा तुकडा घ्या, ती जागा कोरडी पुसा आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद करून तो तुकडा तिथे लावून ठेवा. सकाळी प्लॅस्टिकच्या तुमच्या बाजूला थेंब असले तर केबिनच्या हवेतलं पाणी आहे, प्लॅस्टिकच्या मागे असले तर मागून येतंय. आम्ही असे सहा तुकडे लावले होते, त्यातल्या पाचांवर थेंब आतल्या बाजूला आणि एकाच्या मागे पाणी. तो एक म्हणजे रेलिंगच्या खांबाचा तळ, तिथे खरंच गळती होती. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, म्हणून एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नका.

निरभ्र रात्रीचं कारण असं की मोकळ्या आकाशाखाली डेक आपली उष्णता वर सोडत राहतो आणि हवेपेक्षाही गार होतो, म्हणूनच डेकवर दव आणि हिमकण दिसतात. पाण्याखालचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, मात्र समुद्राच्या तापमानाला असतो, आणि समुद्राचं पाणी साधारण उणे १.९ अंशाला गोठतं, त्यामुळे बाहेर उणे दहा असलं तरी पाण्याखालची बाजू त्याहून खूपच कमी गार असते. म्हणून कडक थंडीत पाणी वरून टपकतं. तळाकडची ओल बऱ्याचदा वेगळ्या कारणाने असते, तिचं पुढे सांगते.

बाहेर धुकं असताना हॅच उघडायचा ?

हो. आणि हीच ती गोष्ट आहे जी आम्हाला दीड थंडी पटली नाही. बाहेर इतकं धुकं की शेजारच्या बोटीचा नांगरदिवा दिसत नाही, सगळं ओलं चिंब, आणि अशा वेळी ती हवा आत घ्यायची म्हणजे ओल वाढवणं असंच वाटतं. पण हवेत पाणी किती मावतं ते तापमानावर ठरतं. ० अंशाच्या हवेत, ती पूर्ण भिजलेली असली तरी, एका घनमीटरमध्ये पाण्याची वाफ ५ ग्रॅमपेक्षा थोडी कमीच असते. १८ अंशाच्या हवेत १५ ग्रॅमच्या वर मावते. म्हणजे बाहेरची ती १०० टक्के दमट हवा आत घेऊन हीटरने १८ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते, जवळजवळ सुकी हवा झाली ती. धुक्याचे थेंब तरंगत आत आले तरी ते ग्रॅमच्या अंशात असतात, त्याने हिशोब बदलत नाही.

आता उलटं बघा. आत १८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर साडेचौदा अंशाच्या खाली असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमणार. हॅचची ॲल्युमिनियमची चौकट पहाटे २-३ अंशांवर असते. तिथे पाणी जमेल का हा प्रश्नच नाही, फक्त किती जमेल एवढंच. आर्द्रता ६० टक्क्यांवर आणली तर ही सीमा १० अंशांवर येते आणि लाकूड, गादीचं कापड, छताचं आवरण वगैरे बऱ्याच गोष्टी सुटतात. धातू तेवढा राहतो.

म्हणून नुसता हीटर वाढवून काही होत नाही. हीटरने पाणी कमी होत नाही, ते हवेत उचललं जातं, ती हवा फिरते, गार जागेला लागते आणि तिथे पाणी सोडते. बोट घट्ट बंद केली की तेच पाणी आतल्या आत गोल फिरत राहतं. गादीतून हवेत, हवेतून छतावर, छतावरून परत गादीत.

पाणी येतं कुठून

आमच्याकडून. माणूस नुसता बसला असला तरी श्वास आणि कातडीतून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी सोडतो, झोपेत थोडं कमी. दोघं दिवसभर बोटीवर असलो की दोन लिटर तिथेच झाले. मग गॅस. प्रोपेन असो की ब्युटेन, १ किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं, नुसत्या ज्योतीतून, भांड्यातली वाफ वेगळीच. दिवसाला २०० ग्रॅम गॅस वापरला तर ३०० ग्रॅमच्या वर पाणी आलं. त्यात ओले कोट, बूट, मोजे, टॉवेल. आमचा हिशोब रोजचा अडीच ते तीन लिटरवर गेला.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, गॅसच्या शेगडीवर केबिन गरम करू नका, आणि ज्याच्या जळणाचा धूर बाहेर जायला नळी नाही असा कुठलाही हीटर आत लावू नका. पाणी तर येतंच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, आणि बोटीसारख्या बंद जागेत झोपेत माणूस जातो. झोपायच्या केबिनमध्ये त्याचा अलार्म हवाच, महिन्यातून एकदा बटण दाबून तपासलेला.

पाणी कमी करायचे साधे उपाय आम्ही केले. भांड्यावर झाकण नसेल तर शेगडी पेटवायची नाही, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, गॅलीच्या (स्वयंपाकाच्या जागेच्या) वरचा हॅच स्वयंपाक चालू असेपर्यंत दोन बोटं उघडा. ओले कोट केबिनमध्ये न आणता टॉयलेटच्या खणात, दार बंद, वरचा व्हेंट (हवेचं भोक) उघडा आणि हीटरच्या नळीचं एक तोंड तिथे. आणि मीठ. समुद्राच्या पाण्याने भिजलेली कुठलीही वस्तू खरी वाळतच नाही, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठच पाणी ओढून विरघळायला लागतं, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते तर त्याच्या बरेच आधी. म्हणून कोटाच्या बाह्या, डिंगीत (छोट्या होडीत) बसून आलेली पँट, कंपॅनियनवेच्या (केबिनमध्ये उतरायच्या दाराच्या) पायऱ्या, सगळं गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून मग वाळत टाकतो. पाणी जपून वापरावं लागतं हे खरं, पण एक मग पुरतं.

मग परत परत का यायचं ?

इतकं सगळं करूनही चार-पाच दिवसांनी टपटप परत यायची. तेव्हा मी वही घातली. दिवसातून तीनदा आतलं तापमान, आर्द्रता, बाहेरचं तापमान, वारा, हॅच उघडा की बंद, हीटर किती तास. आर्द्रतेचा छोटा मीटर आधी तपासून घ्या, ते मीटर बरेचदा चुकीचं दाखवतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून ओलं पीठ भिजवल्यासारखं करायचं, विरघळवायचं नाही, आणि मीटरसकट हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दिसायला हवं. आमचा ६८ दाखवत होता, म्हणजे आम्ही इतके दिवस ७ टक्के कमी धरून चाललो होतो.

तीन आठवड्यांची वही समोर ठेवली तेव्हा दिसलं की ओल चार-पाच दिवसांनी येत नव्हती, ती वादळाच्या मागून येत होती. जोराचा वारा सुटला की आम्ही पुढचा हॅच फवाऱ्यामुळे बंद करायचो, व्हेंटना टोप्या लावायचो, हीटर जोरात, दोघंही आत, रात्री उठून उठून नांगर धरतोय का बघायला डेकवर जाणं आणि दर वेळी ओला कोट आत. दीड-दोन दिवस असं. त्यात कधी नांगर सरकला आणि जागा बदलावी लागली तर ४० मीटर ओली, चिखल लागलेली साखळी पुढच्या लॉकरमध्ये, म्हणजे आमच्या उशाच्या पलीकडे फक्त एका पातळ फळीआड. वारा पडला की आकाश निरभ्र, कडक थंडी, आणि बोटीत साठलेलं सगळं पाणी छतावर.

आणि ते साठत होतं कुठे ते एके दिवशी कळलं. पुढच्या बर्थच्या (झोपायच्या जागेच्या) गादीचे डावे-उजवे तुकडे आरशातल्यासारखे सारखेच, एकाच वेळी शिवून घेतलेले. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा होता, त्याला दोरीने बांधून दोन्ही तोलले. उजवा ३.२ किलो, डावा ४.१. डावीकडे आमच्या रजया हलला टेकलेल्या असायच्या. हात लावला तर कापड कोरडं होतं, अगदी कोरडं, आणि आत फोममध्ये जवळपास एक लिटर पाणी. आम्ही इतके दिवस वरून वाळवत होतो. ऊन पडलं की गादी उभी करायची, कापड सुकलं की खूश, आणि फोम पुढचे तीन दिवस हळूहळू पाणी सोडत बसायचा. तसंच पुस्तकांचं, लॉकरमधल्या स्वेटरचं, छताच्या आवरणामागच्या प्लायवूडचं.

तर पहिलं काम हे, साठा रिकामा करा. आम्ही दोन्ही तुकड्यांची कव्हरं काढली, फोम हीटरच्या तोंडासमोर तीन दिवस आलटून पालटून उभा केला, रोज तोलला. पहिल्या दिवशी ३०० ग्रॅम गेलं, दुसऱ्या दिवशी ३५०, तिसऱ्या दिवशी वजन उजव्याच्या बरोबरीला आलं. हे चालू असताना हॅच उघडे हवेत, नाहीतर एका वस्तूतून निघालेलं पाणी दुसरीत जाईल. मग गादीखाली प्लॅस्टिकच्या तारांची दोन सेंटिमीटर जाड जाळी घातली, जिच्यातून हवा फिरते. लाकडी पट्ट्यांची चौकटही चालते. फळीवर थेट गादी ठेवली की शरीरातला ओलावा फोममधून खाली जातो आणि गार फळीवर जमतो, हे थंडीत हमखास. आणि गादीची कड हलपासून चार बोटं लांब ठेवायची, ती फट रजईने बुजवायची नाही.

हवा कुठून येते, कुठून जाते

नांगरावरची बोट नाक वाऱ्याकडे करून उभी राहते. आम्ही धरून चाललो होतो की हवा पुढच्या हॅचमधून आत येते आणि मागे कंपॅनियनवेतून जाते, म्हणून मागचं दार थोडं उघडं आणि पुढचं जास्त. मग टिश्यूच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून दोन्हीकडे टेपने लटकवल्या आणि वाट बघत बसलो. पुढची पट्टी बाहेर ओढली जात होती. मागची आत. म्हणजे बरोबर उलटं. पुढच्या हॅचचं झाकण थोडंसंच उघडं असलं की वरून जाणारा वारा तिथून हवा खेचतो आणि मागे स्प्रेहूडमध्ये (कंपॅनियनवेवरच्या कापडी छपरात) वारा वळून साचतो, तिथून आत शिरतो. म्हणजे मागची गार हवा गॅलीवरून, स्वयंपाकाची वाफ आणि ओल्या कोटांचा दमटपणा गोळा करत आमच्या बर्थवरून पुढे जात होती. तुमच्या बोटीत वेगळं असू शकतं, म्हणून पट्टी लावून बघाच, अंदाज करू नका. वारा अगदी कमी असताना आणि जोरात असताना, दोन्ही वेळा बघा.

ते कळल्यावर आम्ही ती दिशा तशीच स्वीकारली आणि गॅलीच्या वरचा हॅच स्वयंपाकाच्या वेळी उघडा ठेवून तिथली वाफ तिथेच बाहेर काढायला लागलो. पुढचा हॅच रात्रभर एक सेंटिमीटर उघडा, लाकडाची छोटी पाचर लावून. त्या फटीच्या कडेवर थोडं पाणी जमतंच, तिथे एक जुना टॉवेल गुंडाळून ठेवलाय.

खरा फरक मात्र हीटरच्या नळीने पडला. आमचा हीटर मागच्या लॉकरमध्ये आहे आणि बसवणाऱ्याने गरम करायची हवा केबिनमधूनच घेतली होती, म्हणजे तीच दमट हवा परत परत तापवायची. जळणाची हवा वेगळ्या नळीने बाहेरून येते आणि धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो, तो भाग ठीकच होता. आम्ही आत येणाऱ्या हवेच्या नळीला वाय आकाराचा जोड लावला, एक फाटा केबिनला, एक बाहेर कॉकपिटच्या (मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या) बाजूला, मध्ये झडप. साधारण एक तृतीयांश हवा बाहेरची. त्यामुळे केबिनमध्ये किंचित दाब राहतो आणि दमट हवा पुढच्या फटीतून ढकलली जाते, वारा नसला तरी.

डिझेल जास्त लागेल ही भीती आम्हालाही होती, म्हणून हिशोब मांडला. आमच्या बोटीत सगळी मिळून २५ घनमीटरच्या आसपास हवा आहे. तासाला २५-३० घनमीटर ताजी हवा, म्हणजे तासातून एकदा सगळी हवा बदलली, तर प्रत्येक घनमीटर सव्वाचार-साडेचार ग्रॅम पाणी घेऊन बाहेर जातं आणि रोजचं अडीच-तीन लिटर निघतं. २५ घनमीटर हवा ० वरून १८ अंशाला आणायला दीडशे-एकशेसाठ वॅट लागतात. दिवसाला डिझेल अर्धा लिटर. कोरड्या गादीसाठी अर्धा लिटर डिझेल मला अजिबात जड वाटत नाही.

हे करताना दोन गोष्टी प्राणावर बेतू शकतात. बाहेरून हवा घेणारं तोंड हीटरच्या किंवा इंजिनच्या धुराड्यापासून लांब हवं, वारा कुठूनही आला तरी धूर त्यात जाता कामा नये, आणि इंजिनच्या खणातून ही हवा कधीच घ्यायची नाही. बर्फ पडला की सकाळी आधी धुराड्याचं तोंड आणि व्हेंट हाताने मोकळे करा. ज्यांच्याकडे चिमणीची डिझेल शेगडी आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी, ती जळणासाठी केबिनचीच हवा ओढते, त्यामुळे आपोआप हवा बदलते, पण सगळं घट्ट बंद केलं तर चिमणी उलटी वाहून धूर आत येतो. तिला हवेची वाट ठेवायलाच हवी.

हीटर पहाटेच बंद पडतो ही तक्रार पण याच्याशी जोडलेली आहे. पेटताना आतला ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) काही मिनिटं ८-१० अँपिअर ओढतो, पहाटे बॅटरी गार आणि उतरलेली, तारा बारीक असतील तर हीटरपर्यंत व्होल्टेज पोचतच नाही. बॅटरीवर नका मोजू, हीटरच्या टोकाला पेटताना मोजा. आम्ही जाड तार टाकली आणि रात्री हीटर बंद करायच्या ऐवजी अगदी मंद ठेवायला लागलो. मंद चालवल्याने आत काजळी धरते, म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास पूर्ण जोरात.

राहिला वादळाचा प्रश्न, कारण मूळ तिथेच होतं. फवारा उडत असताना हॅच उघडा ठेवता येत नाही, पण हवा तर हवीच. यासाठी जुना उपाय आहे तो डोराड व्हेंट, ओलिन स्टीफन्स यांनी डिझाइन केलेल्या आणि १९३० साली पाण्यात उतरलेल्या डोराड या बोटीवरून त्याचं नाव पडलं. डेकवर एक पेटी, वाऱ्याचं कर्ण्यासारखं तोंड पेटीच्या एका टोकाला आणि केबिनमध्ये उतरणारी नळी दुसऱ्या टोकाला, तीही पेटीच्या तळापासून उंच उचललेली. पाणी पेटीत पडून तळाच्या भोकांतून डेकवर जातं, हवा वळसा घेऊन आत येते. आमच्या बोटीवर असे दोन होतेच आणि आम्ही वादळात नेमक्या त्यांनाच टोप्या लावत होतो. आता मोकळे ठेवतो, फक्त तोंडं मागे वळवून. नांगरावर असताना आत्तापर्यंत त्यातून पाणी आलं नाही, पेटीच्या तळाची भोकं मात्र दर आठवड्याला काडीने साफ करते.

गार जागा झाकायचं काम सगळ्यात शेवटी करा, हवा मार्गी लागल्यावर. हॅचच्या आतून फोमची कापलेली झडप रात्रीपुरती, खिडक्यांना आतून ॲक्रिलिकची दुसरी काच, बोल्टच्या टोकांवर फोमचे तुकडे. ॲल्युमिनियम फायबरग्लासपेक्षा शेकडो पटीने उष्णता वाहून नेतं, म्हणून नुसती काच झाकून चौकट उघडी ठेवली तर उपयोग नाही. हलला फोम लावायचा तर बंद पेशींचा आणि पूर्ण चिकटवलेला, मागे पोकळी राहिली की दमट हवा तिथे शिरून न दिसणाऱ्या जागी पाणी जमवते. आधीच्या मालकांनी लावलेला एक असा तुकडा आम्ही काढला, मागे काळी बुरशी बोटभर जाड.

डबीतले ओलावा शोषणारे खडे बंद लॉकरसाठी ठीक, माणसं राहतात त्या केबिनमध्ये रोजच्या तीन लिटरपुढे त्यांचं काही चालत नाही, आणि ती डबी हेलकाव्याने सांडली तर ते खारं पाणी लाकूड, धातू दोन्ही खातं. ओलावा काढायचं विजेचं यंत्र नांगरावर विसराच. कॉम्प्रेसरवालं थंडीत बर्फ धरतं, दुसऱ्या प्रकारचं थंडीत चालतं पण शेकडो वॅट खातं.

एक अपवाद लक्षात ठेवा. थंडी संपता संपता बाहेरची हवा १२ अंश, दमट, आणि समुद्र अजून ६ अंशाला, अशा दिवसांत हवा आत घेतली की पाण्याच्या रेषेखालच्या लॉकरमध्ये घाम येतो, कारण आता बाहेरच्या हवेतच जास्त पाणी आहे आणि हल तिच्यापेक्षा गार. तेव्हा ताजी हवा हीटरमधूनच आत घ्या, आणि तळाच्या लॉकरमधले कपडे जाळीवर उचलून ठेवा. हीच ती तळाची ओल, आणि बिल्जमध्ये (बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत) पाणी असेल तर तीच दुप्पट होते, म्हणून बिल्ज फडक्याने अगदी कोरडा ठेवतो. साखळी वर घेताना नळाने धुऊन आणि लॉकरचं पाणी बाहेर जायचं भोक मोकळं करून मगच झाकण लावतो, शिवाय त्या पातळ फळीच्या सगळ्या फटी सीलंटने भरल्या.

आता वहीत पहाटेचे आकडे ५५ ते ६२ टक्क्यांमध्ये असतात, मागच्या वादळानंतर ६६ पर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत ५८. गादीचे दोन्ही तुकडे दर रविवारी तोलते, फरक शंभर ग्रॅमच्या आत. एक जागा अजून राहिलीय, गॅलीच्या मागचा कोपरा, तिथे हलला फोम नाही आणि रोज सकाळी हातभर जागेवर ओल दिसते. तिथला फोम कापून ठेवलाय, पण गार हलवर गोंद नीट धरत नाही, तेव्हा चार दिवस जरा ऊब येईपर्यंत तो कोपरा रोज फडक्याने पुसतेय.